टोमॅटोची चोवीस रोपे आणि एक अहवाल: आरएनए सिक्वेन्सिंग सेवेचे परीक्षण

पाणी तोडलेल्या रोपांच्या निष्कर्षांखाली आरएनए मोजून देणाऱ्या सेवेच्या अहवालात असे छापलेले होते की, या रोपांमध्ये अ‍ॅब्सिसिक आम्लाचा संदेशमार्ग दडपला गेलेला आहे. कोरड पडू लागली की वनस्पती ज्या संप्रेरकाचा आधार घेते ते अ‍ॅब्सिसिक आम्लच होय. त्याच्यामुळे पर्णरंध्रे मिटतात आणि पानातले उरलेसुरले पाणी टिकते. आमच्या रोपांची पाने मलूल झालेली होती, त्यांची रंध्रे मिटलेली असल्याचे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले होते, आणि तरीही अहवाल म्हणत होता की हा मार्ग थंड पडलेला आहे. आम्ही मूळ आकडे काढून तपासले. आकड्यांत चूक नव्हती. त्यांचा अर्थ मात्र नेमका उलटा लावला गेला होता.

पिकांच्या पानांतील संदेशवाहक आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या प्रती, मोजून देणारी ही सेवा आम्ही दोनदा वापरली. सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे घेत नाही, कारण मला व्यवहाराविषयी नव्हे तर कामाच्या पद्धतीविषयी लिहायचे आहे. रोग आणि पर्यावरणीय ताण यांवर काम करणारे अनेक विद्यार्थी आणि संशोधक आपले नमुने अशा सेवेकडे सोपवतात आणि तयार अहवालावरून निष्कर्ष लिहितात. त्यांना नमुने पाठवण्यापूर्वी काही गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढाच माझा उद्देश आहे.

प्रयोग साधा होता. टोमॅटोच्या पानांवर बारीक काळे ठिपके पाडणारा स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू आणि पाण्याचा ताण हे दोन्ही एकाच वेळी आले तर रोप काय करते, हे आम्हाला पाहायचे होते. रोपांचे चार गट होते: निरोगी व पाणी दिलेली, केवळ ताणाखालची, केवळ जिवाणू फवारलेली आणि दोन्ही भोगणारी. फवारणीनंतर ६ तास आणि २४ तास अशा दोन वेळा, प्रत्येक गटातील प्रत्येक वेळेस तीन स्वतंत्र रोपे, असे एकूण २४ नमुने झाले. हा प्रश्न निवडण्याचे कारण असे की, या जिवाणूचे आणि पाण्याचे नाते विलक्षण गुंतागुंतीचे आहे. पानाच्या पृष्ठभागावर जिवाणू उतरला की त्याच्या कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) फ्लॅजेलिन या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीवरील एफएलएस-२ हे ग्राही (बाहेरचा संकेत पकडणारे) प्रथिन ओळखते आणि रोप रंध्रे मिटून घेते. त्यावर जिवाणू कोरोनॅटिन नावाचे विष सोडतो. ते जास्मोनेट या, जखम झाल्यावर वनस्पती वापरते त्या संप्रेरकाच्या सक्रिय रूपाची हुबेहूब नक्कल करते आणि मिटलेली रंध्रे पुन्हा उघडायला लावते. ही गोष्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आत शिरल्यावर मात्र जिवाणूला पेशींमधल्या पोकळ्या ओल्या हव्या असतात, आणि २०१६ मध्ये असे दाखवले गेले की त्यासाठी तो दोन खास प्रथिने वनस्पतीच्या पेशीत टोचतो. म्हणजे कोरड पडलेले रोप आपली दारे लावून घेते म्हणून जिवाणूला प्रवेश अवघड होतो. पण त्याच अ‍ॅब्सिसिक आम्लामुळे आतली, सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकावर चालणारी संरक्षणव्यवस्था दुबळी पडते म्हणून, एकदा आत शिरलेल्या जिवाणूचे फावते. या दोहोंपैकी कोणती बाजू केव्हा वरचढ ठरते, हे जनुकांच्या हालचालींवरून कळावे अशी आमची अपेक्षा होती.

सेवेची सुरुवात एका अर्जाने होते. त्यात पिकाचे नाव, ऊती, नमुन्यांची संख्या, आरएनएचे प्रमाण आणि शुद्धता एवढे रकाने आहेत. पान कधी तोडले, अंधार होऊन किती तास झाले होते, खोलीचे तापमान किती होते, तोडणीला किती वेळ लागला आणि नियंत्रण गटाला नेमके काय केले, यांपैकी एकही प्रश्न त्यात नाही. माझा या सेवेवरचा सर्वांत मोठा आक्षेप येथेच आहे, आणि तो कागदोपत्री त्रुटीचा आक्षेप नाही. वनस्पतीच्या जनुकांचा फार मोठा भाग दिवसाच्या घड्याळाप्रमाणे चढतो आणि उतरतो. थंडीच्या प्रतिसादातील सीबीएफ जनुके घेतली तर तोच गारवा सकाळी दिला असता आणि संध्याकाळी दिला असता त्यांची उसळी सारखी नसते. तापमानाचेही तसेच आहे. टोमॅटोतील एमआय-१ हे सूत्रकृमींविरुद्धचे जनुक २८ अंश सेल्सिअसच्या वर निकामी ठरते, आणि तंबाखूतील मोझाइक विषाणूविरुद्धचे एन जनुकही साधारण त्याच तापमानाला हार मानते. ज्याला या गोष्टी ठाऊक नाहीत तो यंत्रातून आलेल्या आकड्यांकडे पाहून रोगाचा परिणाम कोणता आणि दुपारचा परिणाम कोणता हे कसे सांगणार?

तोडणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या हातून चूक तेथेच झाली. वनस्पतीला स्पर्श कळतो. १९९० मध्ये असे आढळले की, पानांवर निव्वळ पाणी फवारले किंवा पान नुसते हाताळले तरी काही जनुके अर्ध्या तासाच्या आत जोरात चालू होतात. त्यांतली काही कॅल्शियम ओळखणाऱ्या कॅल्मोड्युलिनसारख्या प्रथिनांची होती. टोमॅटोच्या बाबतीत तर जखमेचा संदेश ही जुनी आणि अभ्यासलेली बाब आहे: कीटकाने एक पान कुरतडले की दुसऱ्या, न कुरतडलेल्या पानांतही कीटकांचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात, हे १९७२ पासून माहीत आहे, आणि त्या संदेशाला चालना देणारा १८ अमिनो आम्लांचा सिस्टेमिन हा पदार्थ १९९१ मध्ये टोमॅटोच्याच पानांतून वेगळा काढला गेला. तेव्हा प्रयोगासाठी पान खुडणे ही रोपाच्या दृष्टीने जखमच असते, आणि खुडलेले पान उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत त्याच्या पेशी त्या जखमेला उत्तर देत राहतात. आमच्या तिसऱ्या पुनरावृत्तीच्या वेळी नायट्रोजनचे भांडे दुसऱ्या खोलीत राहिले. त्या पुनरावृत्तीतील निरोगी रोपांची पाने तोपर्यंत ताटात पडून राहिली आणि त्यांची तोडणीही उरलेल्या रोपांच्या बरीच नंतर झाली.

या ठिकाणी सेवेचे कौतुक करायला हवे. अहवालाच्या पहिल्या भागात सर्व नमुन्यांचे परस्परांपासूनचे अंतर दाखवणारा आलेख असतो, आणि त्यात हे नमुने आपल्या गटापासून दूर, एका कोपऱ्यात पडलेले स्पष्ट दिसत होते. संस्थेने ते नमुने गाळून आलेख सुबक केला नाही. उलट, त्या नमुन्यांमध्ये यांत्रिक दोष आढळलेला नाही, तेव्हा फरकाचे कारण प्रयोगात शोधावे, असे खाली स्वच्छ शब्दांत लिहिले होते. आम्ही शोधले, आणि त्या पानांमध्ये जास्मोनेटच्या मार्गातील लवकर जागी होणारी जनुके वर गेलेली सापडली. ‘निरोगी’ म्हणून जपलेले पान प्रत्यक्षात जखमी पान होते. आरंभीच्या अर्जात तोडणीच्या वेळेचा एक रकाना असता तर ही गोष्ट नमुने पाठवण्यापूर्वीच ध्यानात आली असती.

आरएनएची गुणवत्ता तपासण्याच्या कामात या सेवेतील लोक काटेकोर आहेत. आमच्या पहिल्या खेपेतील काही नमुन्यांमध्ये प्रकाशशोषणाची गुणोत्तरे बिघडलेली होती, म्हणजे पानातील शर्करायुक्त पदार्थ किंवा निष्कर्षणातील रसायन आरएनएबरोबर राहून गेले होते. त्यांनी काम तेथेच थांबवले, आम्हाला कळवले आणि पुन्हा शुद्ध केलेले नमुने मिळाल्याशिवाय पुढे जायला नकार दिला. घाई असलेल्या माणसाला असा नकार कडू वाटतो, पण तो योग्य होता.

एका बाबतीत मात्र त्यांचा काटेकोरपणा पानांना लावण्याजोगा नव्हता. आरएनए किती अखंड आहे हे १ ते १० अशा गुणांकाने सांगण्याची पद्धत आहे, आणि ७ पेक्षा कमी गुणांक असेल तर ते नमुना नाकारतात. हा गुणांक मुख्यतः रायबोसोमच्या दोन मोठ्या आरएनए रेणूंच्या शिखरांवरून काढला जातो. परंतु हिरव्या पानात पेशीद्रवातील रायबोसोमखेरीज हरितलवकांचेही रायबोसोम भरपूर असतात. त्यांचे आरएनए वेगळ्या लांबीचे असल्यामुळे आलेखात जादा शिखरे उमटतात आणि संगणक त्यांना तुटलेल्या आरएनएचे तुकडे समजतो. परिणामी उत्तम टिकलेल्या पानालाही गुणांक कमी मिळू शकतो, तर त्याच रोपाच्या मुळाला चांगला मिळतो. आमचे काही नमुने या कारणाने अडकले होते. आम्ही आलेखावर हरितलवकांची शिखरे खुणा करून दाखवल्यावर तेथील तंत्रज्ञांनी ते मान्य केले आणि काम पुढे नेले. शंका रास्त असेल तर ऐकून घेण्याची ही वृत्ती मला मोलाची वाटली. पण पानांचे नमुने रोजच्या रोज हाताळणाऱ्या सेवेला ही गोष्ट ग्राहकाने दाखवून द्यावी लागू नये.

पेशीतील एकूण आरएनएपैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग रायबोसोमचा असतो, म्हणून मोजणीपूर्वी तो वगळावा लागतो. यासाठी दोन मार्ग आहेत: संदेशवाहक आरएनएच्या टोकाला असलेली अ‍ॅडेनिनची शेपटी पकडून तेवढेच रेणू उचलणे, किंवा रायबोसोमचा आरएनए शोधून काढून टाकणे. सेवेच्या नेहमीच्या पद्धतीत पहिला मार्ग वापरला जातो, आणि केवळ वनस्पतीची जनुके पाहायची असतील तर तो चांगलाच आहे. मात्र जिवाणूंच्या संदेशवाहक आरएनएला तशी स्थिर, लांब शेपटी नसते. त्यामुळे पानात शिरलेल्या जिवाणूने काय केले याची नोंद या मार्गाने जवळजवळ संपूर्णपणे पुसली जाते. करपा आणणाऱ्या बुरशीवर किंवा टोमॅटोवरील उशिराच्या करप्याच्या फायटोफ्थोरावर काम करणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांच्या आरएनएला शेपटी असते आणि एकाच मोजणीत यजमान आणि रोगकारक दोघांचेही संदेश हाती लागतात. आमच्या अर्जात ‘जिवाणूसंसर्ग’ असे लिहिलेले असूनही हा फरक कोणी आमच्या लक्षात आणून दिला नाही. दुसऱ्या खेपेच्या वेळी आम्ही स्वतःहून विचारले, तेव्हा उत्तर मात्र प्रामाणिक मिळाले: रायबोसोमचा आरएनए काढून टाकला तरी संसर्गाच्या सुरुवातीच्या तासांत जिवाणूचा वाटा इतका अल्प असेल की, पुष्कळ अधिक मोजणी केल्याशिवाय त्यावरून विश्वसनीय काही सांगता येणार नाही.

प्रत्यक्ष मोजणीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे तक्रारीला जागा नाही. प्रत्येक नमुन्यामागे ठरलेली मोजणी पूर्ण झाली, मूळ फायली पडताळणीच्या संकेतांकांसह मिळाल्या, आणि चारही गटांचे नमुने वेगवेगळ्या दिवसांत एकगठ्ठा न करता मिसळून घेतलेले होते. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. सगळी निरोगी रोपे सोमवारी आणि सगळी रोगट रोपे मंगळवारी हाताळली असती, तर रोगाचा फरक आणि मंगळवारचा फरक पुढे कोणत्याही संख्याशास्त्राने वेगळा करता आला नसता.

आता अहवालाकडे वळतो.

अ‍ॅब्सिसिक आम्लाविषयीचे ते वाक्य कसे तयार झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. या संप्रेरकाची ग्राही प्रथिने २००९ मध्ये ओळखली गेली. संप्रेरक नसते तेव्हा पीपी-२-सी गटातील फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारी) प्रथिने स्नर्क-२ या किनेजांना (फॉस्फेट जोडणाऱ्या प्रथिनांना) दाबून ठेवतात. संप्रेरक येते, ग्राहीला चिकटते, आणि ती जोडी फॉस्फेटेजला अडकवून ठेवते. मग मोकळी झालेली किनेज प्रथिने रंध्रांच्या रक्षकपेशींतील आयनमार्गिका उघडतात आणि केंद्रकातील जनुकांनाही चालना देतात. म्हणजे फॉस्फेटेज हे या मार्गाचे ब्रेक आहेत. अहवालात प्रत्येक मार्गाचा जो नकाशा असतो त्यावर हे ब्रेक लाल रंगात, म्हणजे वाढलेले दिसत होते आणि काही ग्राही प्रथिने निळ्या रंगात, म्हणजे घटलेली. संगणकाने सरळ हिशेब केला: ब्रेक वाढले, ग्राही घटले, अर्थात मार्ग दडपला गेला. परंतु या मार्गाने जी जनुके चालू होतात त्यांत त्या ब्रेकांचीही जनुके आहेत. संदेश जोरात वाहू लागला की पेशी त्याला आवर घालण्याची तयारी त्याच क्षणी सुरू करते, म्हणजे पाणी परत आल्यावर प्रतिसाद वेळेत थांबवता येतो. त्यामुळे पीपी-२-सीचा आरएनए वाढणे ही अ‍ॅब्सिसिक आम्लाचा मार्ग जोरात चालू असल्याची खूण आहे. या विषयात काम करणारे तिचा तसाच उपयोग करतात.

जास्मोनेटच्या बाबतीत हीच चूक दुसऱ्यांदा झालेली होती. तेथे जॅझ नावाची प्रथिने ब्रेकचे काम करतात. जास्मोनेट किंवा त्याची नक्कल करणारे कोरोनॅटिन आले की ही प्रथिने सीओआय-१ या ग्राहीच्या मदतीने नष्ट केली जातात, आणि त्यामुळे मोकळे झालेले एमवायसी-२ हे प्रथिन ज्या जनुकांना जागे करते त्यांत जॅझची स्वतःची जनुके असतात. प्रथिन तुटत असते तेव्हाच त्याचा आरएनए वाढत असतो. जिवाणू फवारलेल्या रोपांत जॅझचा आरएनए वाढलेला दिसला. तो जिवाणूच्या कोरोनॅटिनने केलेल्या घुसखोरीचा पुरावा म्हणून वाचायला हवा होता. अहवालाने त्यावरून जास्मोनेटचा मार्ग बंद पडल्याचे ठरवले. आपल्या रोपांना ओळखणारा संशोधक या वाक्याला अडखळेल, पण पहिल्यांदाच असा अहवाल हातात घेतलेला विद्यार्थी ते वाक्य जसेच्या तसे आपल्या प्रबंधात उतरवेल, आणि त्याला दोष देणे मला जड जाईल.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी कोणत्याही आरएनए मोजणीला लागू होते आणि अहवालात कोठेही लिहिलेली नाही. जिवाणूचा तुकडा ग्राहीला चिकटल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे घडते, म्हणजे कॅल्शियमचा लोंढा पेशीत शिरणे, बीआयके-१ या किनेजाने ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू बनवणाऱ्या विकराला चालना देणे, एमएपी किनेजांची साखळी पेटणे, यांपैकी काहीही नव्या आरएनएवर अवलंबून नसते. ही सगळी प्रथिने आधीच तयार असतात, त्यांना फक्त फॉस्फेटची खूण लागते. अ‍ॅब्सिसिक आम्लामुळे रंध्र मिटते तेही असेच, मिनिटांत. सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गातील एनपीआर-१ या प्रथिनाचे कामही बहुतांशी त्याच्या रूपबदलावर आणि केंद्रकातील प्रवेशावर ठरते. त्यामुळे ज्या मार्गाच्या चौकटी नकाशावर पांढऱ्या राहिल्या तो मार्ग निष्क्रिय होता असे म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की त्या घटकेला त्यातील आरएनएचे प्रमाण बदललेले नव्हते. नकाशाखाली ही एक ओळ छापायला काही अडचण नसावी.

नावांचा प्रश्नही गंभीर आहे. अहवालातील बहुतेक जनुकांची कार्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या, मोहरीच्या कुळातील प्रायोगिक वनस्पतीवरून आणलेली आहेत. त्या वनस्पतीचा जीनोम २००० मध्ये वाचला गेला आणि तिच्याविषयी सर्वाधिक माहिती उपलब्ध आहे, म्हणून हे स्वाभाविक आहे. टोमॅटोचा जीनोम २०१२ मध्ये आला आणि त्यात सुमारे ३५,००० जनुके मोजली गेली. परंतु टोमॅटोपाशी जे खास आहे ते या उसनवारीत हरवते. सिस्टेमिनची व्यवस्था अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये नाही. फ्लॅजेलिनचा दुसरा, वेगळा तुकडा ओळखणारे एफएलएस-३ हे ग्राही प्रथिन टोमॅटोच्या कुळात सापडते, आणि ते २०१६ मध्येच प्रकाशात आले. ज्या जिवाणूवर आम्ही काम करत होतो त्याची चाहूल घेणाऱ्या या प्रथिनाच्या जनुकापुढे अहवालात केवळ ‘ग्राहीसदृश किनेज’ असे मोघम वर्णन होते. रोगप्रतिकारक जनुकांच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते, कारण टोमॅटोच्या लागवडीखालील वाणांत अशी अनेक जनुके जंगली नातेवाइकांकडून संकरातून आणलेली आहेत. याच जिवाणूविरुद्धचे पीटीओ जनुक, जे १९९३ मध्ये वेगळे काढले गेले, ते लहान फळांच्या एका जंगली टोमॅटोकडून आलेले आहे. ज्याच्या जीनोमशी ताडून मोजणी केली जाते त्या संदर्भाच्या वाणात असे जनुक त्याच रूपात नसेल, तर आपल्या वाणातील त्याचा आरएनए एक तर मोजलाच जाणार नाही, किंवा शेजारच्या मिळत्याजुळत्या जनुकाच्या खात्यावर जमा होईल. आपल्या वाणाच्या वंशावळीचा प्रश्नही अर्जात नाही.

आमच्या मुख्य प्रश्नाचे काय झाले, हे अजून सांगायचे आहे. दोन ताण एकत्र आले की रोपाचा प्रतिसाद म्हणजे त्या दोहोंची बेरीज नसते. उष्णता आणि कोरड यांच्या एकत्रित प्रयोगांतून हे २००० नंतरच्या पहिल्याच दशकात दिसून आले होते. अहवालात मात्र प्रत्येक गटाची तुलना फक्त निरोगी गटाशी केलेली होती, आणि मग तीन वर्तुळे एकमेकांत गुंफून समान जनुके किती व वेगळी किती हे दाखवले होते. हे चित्र आकर्षक असते, पण ते फसवते. समजा, एका जनुकाचे प्रमाण निरोगी रोपात १००, कोरडीत २०० आणि संसर्गात ४०० आहे. एक ताण ते दुप्पट करतो आणि दुसरा चौपट, म्हणून दोन्ही ताण स्वतंत्रपणे आपापले काम करत असतील तर एकत्रित गटात ते आठपट, म्हणजे ८०० च्या आसपास यायला हवे. ते ३०० आले, तर कोरडीने संसर्गाचा प्रतिसाद खाली खेचला असा त्याचा अर्थ होतो, आणि आम्हाला हवे होते ते नेमके हेच उत्तर. वर्तुळांच्या चित्रात मात्र हे जनुक मधल्या भागात, ‘तिन्हींमध्ये वाढलेले’ म्हणून जाऊन बसते. दुसरीकडे, एखादे जनुक एका तुलनेत सांख्यिकी उंबरठ्याच्या जरा वर आणि दुसऱ्या तुलनेत जरा खाली असले, तर ते ‘केवळ एका ताणात बदललेले’ ठरते, जरी दोन्ही गटांतील त्याच्या प्रमाणात सांगण्यासारखा फरक नसला तरी.

यावर उपाय अवघड नाही. विश्लेषणाच्या सूत्रात दोन ताणांच्या परस्परक्रियेचे एक पद घातले की संगणक प्रत्येक जनुकासाठी हा प्रश्न थेट विचारतो, आणि या कामासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींत ती सोय आहे. आम्ही तशी मागणी केली तेव्हा नेहमीच्या अहवालात हे बसत नसल्याचे उत्तर आले. चार गटांची ही रचना आम्ही अर्जासोबत स्वतंत्र पानावर लिहून दिलेली होती; ती वाचली गेली असती तर अहवाल कोणत्या प्रश्नासाठी हवा आहे हे कळले असते. शेवटी त्यांनी दिलेल्या मोजणीच्या तक्त्यावरून आम्ही ते विश्लेषण स्वतः केले. तक्ता व्यवस्थित होता, प्रत्येक टप्प्यात वापरलेल्या आज्ञावलीची आवृत्ती लिहिलेली होती आणि एकही आकडा संदिग्ध नव्हता, म्हणून काम अडले नाही. निवडक जनुके आम्ही क्यूपीसीआरने, म्हणजे एकेका जनुकाचा आरएनए स्वतंत्रपणे मोजण्याच्या पद्धतीने, पुन्हा तपासली. त्यासाठी संदर्भ जनुके, म्हणजे ज्यांच्या तुलनेत बाकीची मोजायची ती, निवडताना पुस्तकी नावे न घेता याच तक्त्यातून चारही गटांत स्थिर राहिलेली जनुके शोधली, कारण ताणाखाली अ‍ॅक्टिन किंवा जीएपीडीएच स्थिर राहतीलच याची खात्री देता येत नाही. तक्त्याचा हा उपयोग संस्थेने कोठे सुचवलेला नाही, पण माझ्या मते तो त्यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ लाभ आहे.

ज्यांच्याकडे विश्लेषण करणारा माणूस आहे त्यांना मी ही सेवा निःसंकोचपणे सुचवेन, मात्र मूळ फायली आणि मोजणीचा तक्ता एवढ्यापुरतीच. अर्थ लावून देणारा अहवाल सध्याच्या स्वरूपात घेऊ नये. तो घेतलाच तर त्यातील मार्गांचे नकाशे बाजूला ठेवावेत आणि जनुकांची यादी मार्ग जाणणाऱ्या व्यक्तीसमोर बसून वाचावी. ज्यांच्याकडे असा माणूस नाही त्यांनी नमुने पाठवण्यापूर्वीच तो शोधावा.

दुसऱ्या खेपेत आम्ही प्रत्येक नळीमागे तोडणीची घटका, खोलीचे तापमान आणि पान खुडल्यापासून नायट्रोजनपर्यंत गेलेले सेकंद यांचा तक्ता जोडला, आणि चार गटांची रचना अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिली. नमुने मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेथील एका तंत्रज्ञाने विचारले की २४ तासांची तोडणी फवारणीच्याच घटकेला केली आहे, पण ६ तासांची तोडणी दुपारी पडते, तर या दोन वेळांची परस्परांशी तुलना करायची आहे, की प्रत्येक वेळेची तिच्या स्वतःच्या नियंत्रण गटाशी? हा प्रश्न आम्हाला प्रथमच त्यांच्याकडून आला होता. या खेपेत तुलना कशी करायची ते त्या दिवशीच्या बोलण्यात ठरले.